हमी कुटुंबाची, हिशेब एका छपराचा

लग्न होऊन अमेरिकेत गेलेली मुलगी तिथली नागरिक होते आणि पुण्या-नाशिकच्या आईवडिलांना कायमचे बोलावून घ्यायचे ठरते. मग घरात बोलणी सुरू होतात. फ्लॅट भाड्याने द्यायचा की विकायचा, वडिलांची साखरेची औषधे तिकडे कशी मिळणार, देवघर कोणाकडे जाणार. आय-८६४ या हमीपत्राच्या कागदाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. तो वकील भरून देतो, आपण सही करायची आणि पुढे पाठवायचा. मुलीची स्वतःची कमाई नसेल तर आय-८६४ए या जोडपत्रावर जावयाचीही सही घेतात. त्या सहीने जावई सासूसासऱ्यांच्या पोटापाण्याची हमी देतो आणि ती हमी न्यायालयातून वसूल होऊ शकते. घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. तिला वर्षांची मुदतही नाही.

आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहताना माणूस निदान रक्कम विचारतो, हप्ते किती ते विचारतो. इथे रक्कम आधी ठरलेली नाही, हप्ता नाही, शेवट कधी तेही लिहिलेले नाही. तरी लोक डोळे झाकून सही करतात, कारण समोर आईवडील असतात.

नातेवाइकाला आणणाऱ्याने त्याचा भार उचलावा, ही अपेक्षा मला रास्त वाटते. उत्पन्नाची अट काढून टाका असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप ती मोजण्याच्या रीतीला आहे. हमी घेताना कायदा कुटुंबाकडे बघतो, पैसे मोजताना मात्र एकाच छपराखाली बघतो. आणि ज्या खर्चाने घर खरोखर बसू शकते, तो खर्च या मोजणीत येतच नाही.

ही अट आली कुठून ते थोडे पाहू. जो स्वतःचे पोट भरू शकत नाही आणि सरकारवर भार होईल त्याला प्रवेश नाही, हे कलम अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्यापासून आहे. त्यासाठी पूर्वीही हमीपत्रे घेत, पण न्यायालये त्यांना नैतिक वचनापलीकडे किंमत देत नसत. १९९६ च्या कायद्याने ही पळवाट बंद केली. १९ डिसेंबर १९९७ पासून हमीपत्र हा सरकार, हमीदार आणि येणारा माणूस यांच्यातला पक्का करार झाला. आय-८६४ हा तोच कागद.

आता आकडे. अमेरिकेचे आरोग्य व मानवी सेवा खाते दरवर्षी दारिद्र्यरेषा जाहीर करते. हमीदाराचे वार्षिक उत्पन्न त्या रेषेच्या १२५ टक्के तरी हवे. सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असलेला माणूस जोडीदाराला किंवा मुलाला आणत असेल तर १०० टक्के पुरते. २०२५ च्या तक्त्यात, अलास्का आणि हवाई सोडून, एका माणसाची रेषा १५,६५० डॉलर होती आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे ५,५०० डॉलर वाढत होते. १२५ टक्क्यांनी हिशेब केला तर दोघांच्या घराला २६,४३७, चौघांना ४०,१८७, पाच जणांना ४७,०६२ आणि सहा जणांना ५३,९३७ डॉलर लागत; पुढचे हिशेब याच तक्त्यावरचे आहेत.

आयटीत चांगल्या पगारावर असलेल्याला हे आकडे किरकोळ वाटतील. पण अमेरिकेतला प्रत्येक मराठी माणूस आयटीत नाही. दुकानात काम करणारे आहेत, मोटेल चालवणारे आहेत, डे-केअरमध्ये तासावर काम करणाऱ्या बायका आहेत, भावाच्या अर्जावर पन्नाशीत येऊन पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केलेली माणसे आहेत. अट आडवी येते ती त्यांनाच.

पहिली चूक होते डोकी मोजण्यात. घराच्या संख्येत हमीदार स्वतः, त्याचा जोडीदार, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुले, टॅक्स रिटर्नमध्ये अवलंबून दाखवलेले इतर कोणी, आता येणारी माणसे, आणि पूर्वी हमी दिलेली व ती हमी अजून जिवंत असलेली माणसे, हे सगळे धरायचे. शेवटचे लोक हमखास विसरतात. पाच वर्षांपूर्वी आईला आणले, ती आता धाकट्या भावाकडे राहते, म्हणून आपल्या मोजणीतून गेली असे होत नाही. आईवडिलांची गोष्ट आणखी वेगळी. मुलगा किंवा मुलगी एकवीस वर्षांची आणि नागरिक असेल तरच त्यांचा अर्ज करता येतो, नुसत्या ग्रीन कार्डावर नाही. शिवाय आई आणि वडील यांचे आय-१३० हे नातेवाइकाला बोलावण्याचे अर्ज वेगवेगळे लागतात, त्यामुळे हमीपत्रेही दोन. वडिलांच्या कागदावर आई धरायची राहते, आईच्या कागदावर वडील राहतात, आणि संख्या एकाने कमी भरते. नवरा-बायको, दोन मुले आणि आईवडील हे घर सहाचे. दोघांना बरोबर आणायचे असेल तर दोन्ही कागदांसाठी ५३,९३७ची तयारी ठेवावी.

दुसरी चूक उत्पन्नाच्या आकड्यात. नवरा-बायको एकत्र टॅक्स रिटर्न भरतात, त्यातले एकूण उत्पन्न ६५,००० दिसते, आणि मुलगी तोच आकडा स्वतःचा म्हणून लिहून मोकळी होते. त्यातले ५०,००० जावयाचे असतील तर ते त्याने आय-८६४ए भरल्याखेरीज धरले जात नाहीत. तो नागरिक नसला, ग्रीन कार्डही नसले, तरी चालते. त्याच घरात राहणारा, अठरा वर्षांवरचा आणि कायदेशीर कमाई असलेला असला की पुरे. कोणाची कमाई किती हे डब्ल्यू-२ या पगाराच्या वार्षिक दाखल्यावरून दाखवावे लागते. ग्राह्य धरायचे ते चालू उत्पन्न, म्हणून रिटर्न कमी रकमेचे असले आणि नंतर चांगली नोकरी लागली असली तर कंपनीचे पत्र आणि सहा महिन्यांचे पे-स्टब म्हणजे पगाराच्या चिठ्ठ्या जोडाव्यात. रिटर्न शेवटच्या एका वर्षाचे सक्तीचे, तीन वर्षांची दिली तर बाजू भक्कम होते. छापील प्रतीपेक्षा कर खात्याकडून मिळणारा रिटर्नचा अधिकृत उतारा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, बरा.

धंदेवाल्यांची अडचण निराळी. दुकान किंवा टॅक्सी स्वतःच्या नावावर असेल तर धरला जातो तो खर्च आणि घसारा वजा जाऊन उरलेला नफा. कर वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे नफा कमीत कमी दाखवलेला असतो, आणि तोच कागद इथे समोर येतो. गल्ल्यात लाखभर डॉलर फिरतात, रिटर्नवर २४,००० दिसतात. आईवडिलांचा अर्ज करायचा असेल तर निदान एक-दोन वर्षे आधी सीपीएशी, म्हणजे तिथल्या सीएशी, बोलून रिटर्नवर खरे उत्पन्न येऊ द्यावे. थोडा कर जास्त जाईल, पण जामिनासाठी दुसऱ्यांच्या दारात जावे लागणार नाही.

इथवर सगळे काळजीने निभावता येते. खरा अन्याय पेन्शनच्या नियमात आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक समजा. महिना चाळीस हजार रुपये पेन्शन, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार रुपये, २०२५ च्या दराने सुमारे साडेपाच हजार डॉलर. ही पेन्शन अमेरिकेला गेल्यावर बंद होत नाही. २०२५ च्या दारिद्र्यरेषेच्या तक्त्यात एका वाढीव माणसासाठी धरलेली रक्कमही ५,५०० डॉलरच होती. म्हणजे सरकारच्याच मापाने गुरुजी स्वतःचा शिधा बरोबर घेऊन निघाले आहेत. तरीही हमीपत्रावर त्यांची पेन्शन शून्य. कारण येणाऱ्या माणसाचे उत्पन्न धरायचे तर दोन अटी आहेत. ते कार्ड मिळाल्यावरही त्याच ठिकाणाहून चालू राहायला हवे, आणि जोडीदार सोडून इतर कोणी असेल तर तो आजच हमीदाराच्या घरात राहत असायला हवा. गुरुजी राहतात सातारा जिल्ह्यात आणि मुलगी न्यू जर्सीत. दुसऱ्या अटीवर ते बाद.

गंमत नाही, दुःख आहे ते पुढे. हेच गुरुजी नातवाच्या बारशाला व्हिजिटर व्हिसावर गेले, मुलीच्या घरी राहिले, आणि तिथे राहूनच ग्रीन कार्डाचा अर्ज करण्याची वेळ आली, तर तीच पेन्शन धरता येते. माणूस तोच, पैसे तेच, पण मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीतून रीतसर जाणाऱ्याला कायदा कमी मोजतो. ज्याने नियम पाळून रांग धरली त्याचेच नुकसान. आणि कायम राहण्याचा बेत मनात ठेवून व्हिजिटर व्हिसावर जाणे ही फसवणूक ठरते, त्याने पुढचे दरवाजे बंद होऊ शकतात, म्हणून हा मार्ग सुचवूही नये. मग कायद्याने तो मोहात पाडणारा फरक तरी का ठेवावा?

भारतातली पेन्शन अमेरिकन न्यायालय वसूल कसे करणार, म्हणून ती धरत नाहीत, असे समर्थन ऐकू येते. ते टिकत नाही. हाच कायदा भारतातली मालमत्ता धरतो. उत्पन्न कमी पडले तर तुटीच्या पाचपट निव्वळ मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या जोडीदारासाठी आणि अठरा वर्षांवरच्या मुलांसाठी तिप्पट पुरते, आईवडिलांना मात्र पाचपटच. मालमत्ता हमीदाराची चालते तशी येणाऱ्या माणसाचीही चालते. म्हणजे गुरुजींची बँकेतली मुदत ठेव चालते, आणि मरेपर्यंत दर महिन्याला येणारी पेन्शन चालत नाही. कोणताही सावकार याच्या उलट विचार करील.

मालमत्तेचा मार्गही वाटतो तितका सरळ नाही. ती वर्षभरात रोख होण्यासारखी आणि देशाबाहेर नेता येण्यासारखी हवी. कोथरूडचा किंवा ठाण्याचा फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावावर, कर्ज फिटलेले, सोसायटीचे भाग-प्रमाणपत्र हातात, सूची क्रमांक दोन स्वच्छ, मूल्यांकनकाराचा अहवाल आणि सीएचे प्रमाणपत्र जोडलेले, असे असेल तर तो भक्कम पुरावा. निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, अनिवासी झाल्यावर एनआरओ या अनिवासींच्या रुपयांतल्या खात्यातून दहा लाख डॉलरपर्यंत. ही तरतूदही एका पत्रात लिहून जोडावी, म्हणजे अधिकाऱ्याला शंका राहत नाही.

गावाकडची शेती मात्र कागदावर कितीही मोठी असो, इथे फारशी कामाला येत नाही. सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे लागलेली नऊ नावे, वाटप झालेले नाही, आणि महाराष्ट्राच्या कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच विकता येते. वर्षभरात विकून पैसे नेऊ, हे अधिकाऱ्याला कसे पटवणार? दागिन्यांचेही तसेच. सोनाराचे मूल्यांकन जोडता येते, पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. गाडी एकच असेल तर ती धरत नाहीत.

आता छपराचा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात मूळचा. दोन भाऊ घ्या. एक एडिसनला, एक डॅलसला. दोघेही नागरिक. दोघांना बायको आणि दोन-दोन मुले, दोघांचे उत्पन्न ४५,००० डॉलर, बायका घरी. दोघांनी मिळून आईवडिलांना सांभाळायचे ठरवले आहे, सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे, जसे आपल्याकडे सर्रास चालते. थोरला अर्ज करतो तर त्याचे घर सहाचे, लागतात ५३,९३७, कमी पडतात ८,९३७. धाकटा सहहमीदार व्हायला तयार आहे, पण सहहमीदाराने पूर्ण अट एकट्याने भागवायची असते. त्याचेही घर मग सहाचे, तोही ८,९३७ ने कमी. दोघांचे उत्पन्न बेरीज करता येत नाही, कारण जोडपत्र भरायला एकाच घरात राहावे लागते.

आता एकत्र मोजून पाहा. दोन भाऊ, दोन जावा, चार मुले, आईवडील, एकूण दहा माणसे. दहा जणांच्या घराची १२५ टक्के रेषा येते ८१,४३७. दोघांचे मिळून उत्पन्न ९०,०००. सगळे एका वाड्यात राहिले असते तर कायदा खूश, वर साडेआठ हजार शिल्लक. वेगळी घरे आहेत म्हणून दोघेही नापास. आईवडिलांना जेवू घालण्याची कुवत घरांमधल्या मैलांनी कमी होत नाही. एका घराला भाडे वेगळे, दुसऱ्याला वेगळे, खर्च वाढतो हे खरे, पण दारिद्र्यरेषेत तसा वेगळा विचार नाहीच. तिथे फक्त डोकी मोजतात. मग दोन्ही घरांची डोकी आणि दोन्ही घरांचे पैसे एकत्र मोजायला हरकत का? दोघेही पूर्ण रकमेला बांधील राहतील, अशी सही घ्यावी. सरकारला एकाऐवजी दोन जामीन मिळतात, त्याचे नुकसान काहीच नाही.

या दोन भावांनी आजच्या कायद्यात काय करावे तेही सांगतो. अर्ज वेगळे असल्याने एकाने वडिलांचा आणि दुसऱ्याने आईचा अर्ज करावा. मग प्रत्येकाचे घर पाचाचे होते आणि लागतात ४७,०६२. पगार ४८,००० असता तर इथेच काम झाले असते. ४५,००० वर २,०६२ची तूट राहते, तिच्या पाचपट म्हणजे १०,३१० डॉलर. आईच्या आणि वडिलांच्या नावावर प्रत्येकी तेवढी ठेव असेल तर दोन्ही अर्ज सुटतात. त्यासाठी मध्येच मोठी रक्कम खात्यात टाकू नये. अचानक आलेल्या पैशांचा उगम विचारतात, म्हणून वर्षभराचे खातेउतारे द्यावेत.

भावाबहिणीच्या अर्जांचे गणित याहून अवघड आहे. भारतासाठी या गटात अठरा वर्षांहून अधिक वाट पाहावी लागते. पन्नाशीत अर्ज केलेली बहीण नंबर लागेपर्यंत सत्तरीच्या दाराशी असते, नोकरी संपलेली असते. येणार भाऊ, वहिनी आणि दोन मुले. घरी ती आणि नवरा. सहा माणसे, ५३,९३७. दोघांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथले सरकारी वृद्धवेतन, आणि थोडी पेन्शन मिळून ३६,००० येत असेल तर तूट १७,९३७ आणि पाचपट मालमत्ता ८९,६८५. राहत्या घराची कर्ज वजा जाता किंमत इथे धरता येते, निवृत्तीच्या खात्यातली शिल्लकही, आणि भावाचा भारतातला फ्लॅटही. तरी बाहेरचा सहहमीदार घ्यायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो नात्यातला नसला तरी चालतो, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि अमेरिकेत राहणारा हवा. एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचा भाचा चालत नाही. आणि सहहमीदार मिळाला तरी मूळ अर्जदाराला, उत्पन्न शून्य असले तरी, स्वतःचा आय-८६४ भरावाच लागतो. तो न भरल्यामुळे मुलाखतीनंतर २२१जी चा, म्हणजे कागद अपुरे म्हणून व्हिसा अडवल्याचा, कागद हातात पडतो आणि महिने जातात.

नव्याने दिसणारी एक अडचण अमेरिकेत जन्मलेल्या आणि आईवडिलांबरोबर पुण्याला परत आलेल्या मुलांची. ती आता एकवीस वर्षांची झाली. नागरिक आहेत, म्हणून अर्ज करू शकतात. पण हमीदाराचे राहते ठिकाण अमेरिकेत हवे. पुण्यात शिकणाऱ्या मुलाला तिथे पुन्हा बस्तान बसवत असल्याचे दाखवावे लागते, म्हणजे भाडेकरार, बँक खाते, नोकरीचे पत्र, कॉलेज प्रवेश. त्याने आईवडिलांच्या आधी किंवा त्यांच्याबरोबर तरी तिथे राहायला जायला हवे. भारतातला पगार, नोकरी इथेच सुटणार असेल तर, उपयोगाचा नाही. परदेशातले उत्पन्न वगळण्याची सवलत घेऊन भरलेल्या रिटर्नवर तर एकूण उत्पन्न शून्य किंवा त्याच्या जवळ दिसते. बहुतेक वेळा सहहमीदाराशिवाय गत्यंतर नसते.

आता मुदतीकडे येतो. हमी संपते ती पाच प्रसंगी. आणलेला माणूस नागरिक झाला, त्याच्या नावे सोशल सिक्युरिटीत कामाचे चाळीस तिमाही गुण (वर्षाला जास्तीत जास्त चार) जमले, तो कायमचा देश सोडून गेला आणि त्याचा दर्जा संपला, हद्दपारीच्या कारवाईत त्याला नव्या हमीवर नव्याने दर्जा मिळाला, किंवा कोणा एकाचा मृत्यू झाला. नोकरी गेली, भांडण झाले, आई धाकट्याकडे राहायला गेली, यातले काहीही हमी संपवत नाही.

तरुण जोडीदाराच्या बाबतीत हे सहसा दहा वर्षांच्या आत उरकते. अडुसष्टाव्या वर्षी आलेल्या आईचे काय? ती नोकरी करणार नाही. पाच वर्षांनी, त्र्याहत्तराव्या वर्षी, नागरिकत्वाची परीक्षा द्यायची तर इंग्रजीत. वयामुळे स्वतःच्या भाषेत देण्याची सवलत आहे, पण ती पन्नाशीपुढच्या वीस वर्षे किंवा पंचावन्नपुढच्या पंधरा वर्षे कार्डावर राहिलेल्यांना. तोवर ती त्र्याऐंशीची होईल, किंवा नसेल. स्मृतिभ्रंशासारखे कारण असेल तर डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर परीक्षा माफ होते. शिवाय अनेकांना नागरिकत्व नकोच असते, कारण भारताचे सोडावे लागते आणि परकीय नागरिकाला इथे नवी शेतजमीन घेता येत नाही. मग हमी जन्मभराची होते. साठीच्या आत आलेल्या वडिलांसाठी एक वाट आहे. २०२५ मध्ये वर्षाला ७,२४० डॉलर कमावले की त्या वर्षाचे चारही गुण मिळत होते. दुकानात अर्धवेळ काम करून दहा वर्षांत चाळीस होतात, आणि लग्न टिकून असेल तर नवऱ्याचे गुण बायकोलाही मोजतात. मुलाने मिळवलेले गुण मात्र आईवडिलांना मिळत नाहीत.

ही हमी कागदावरच राहते असे समजू नये. २०१२ मध्ये सातव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्रीय न्यायविभागाच्या, अपील न्यायालयाने म्हटले की घटस्फोटित बायकोने नोकरी शोधली नाही म्हणून नवऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. २०१६ मध्ये नवव्या सर्किटने एका प्रकरणात, घटस्फोटित बायको सज्ञान मुलाकडे राहते आणि मुलगा कमावतो, हे कारण मान्य केले नाही. सरकारी मदत घेतली गेली तर संबंधित खाते हमीदाराकडे परतफेड मागू शकते. आणीबाणीच्या वैद्यकीय मदतीचा खर्च त्यात येत नाही. पत्ता बदलला तर तीस दिवसांत आय-८६५ भरायचा असतो, नाही तर २५० डॉलरपासून दंड. हा फॉर्म भरणारे घर क्वचितच.

कॅनडाने आईवडिलांसाठी वीस वर्षांची हमी ठेवली आहे, तिथल्या क्वेबेक प्रांतात दहा. उत्पन्नही एक नाही, तीन वर्षांचे दाखवावे लागते. ती अट अमेरिकेपेक्षा कडक आहे, पण शेवटची तारीख तरी लिहिलेली आहे. अमेरिकेनेही आईवडिलांसाठी दहा वर्षांची मुदत ठेवावी असे माझे मत आहे. चाळीस तिमाही म्हणजे दहा वर्षेच. जो काम करू शकतो त्याला दहा वर्षांनी सुटका, आणि जो वयाने काम करू शकत नाही त्याच्या मुलाला जन्मठेप, हे बरोबर नाही. आणि जावई किंवा सून घटस्फोटाने वेगळी झाली तर जोडपत्रावरची त्यांची जबाबदारी संपावी.

मुदत घातली तर म्हातारी माणसे सरकारच्या गळ्यात पडतील, अशी शंका घेणारे आहेत. २०१७ मध्ये सिनेटमध्ये आलेल्या रेझ विधेयकात आईवडिलांचे ग्रीन कार्डच बंद करून, मुलाने विमा काढायच्या अटीवर तात्पुरता व्हिसा द्यायची सूचना होती. मला ते मान्य नाही, पण विधेयकाने बोट ठेवले ते योग्य जागी, विम्यावर. वाढीव दोन माणसांसाठी आय-८६४ मागतो १३,७५० डॉलर. आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, पासष्टीपुढचे, अमेरिकेत काम न केलेले आईवडील मेडिकेअर हा म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा विकत घेतात तेव्हा २०२५ च्या दराने भाग अ (रुग्णालय) चे ५१८ आणि भाग ब (डॉक्टर) चे १८५ असे माणशी महिन्याला ७०३ डॉलर पडतात. दोघांचे वर्षाला १६,८७२. औषधांचा भाग वेगळा. म्हणजे नुसता हप्ताच कायद्याने धरलेल्या सगळ्या खर्चाहून तीन हजारांनी जास्त. पहिली पाच वर्षे मेडिकेअरही नाही, मेडिकेड हा गरिबांचा सरकारी विमाही सहसा नाही, आणि खुल्या बाजारातल्या विम्याचा हप्ता वयस्करांना तरुणांच्या तिपटीपर्यंत असू शकतो. हमीपत्र या खर्चाबद्दल एक प्रश्न विचारत नाही. पेन्शन धरा, भावांची बेरीज धरा, आणि त्याबदल्यात विम्याची तरतूद दाखवायला सांगा. अशी अट मला आजच्या अटीपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते.

उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते. तिथे नाटक, गाणे, उद्योजकांचे मेळावे होतात, ते व्हावेतच. या विषयाला दोन तास द्यावेत. पहिला तास वकील आणि सीपीए यांना समोर बसवून आय-८६४ ची पाने एकेक वाचण्यासाठी. दुसऱ्या तासात पेन्शनची एकच मागणी लिहून काढावी, की येणाऱ्या आईवडिलांची सरकारी किंवा बँकेत जमा होणारी पेन्शन, ते कुठेही राहत असोत, उत्पन्नात धरावी. ती सहीसह आपापल्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात द्यावी. सोबत जिल्हा कोषागाराचा पेन्शनचा एक उतारा जोडावा, नाव झाकून, आणि त्याशेजारी दारिद्र्यरेषेच्या तक्त्यातला ५,५०० चा आकडा.